सोयीची कळ आणि हाताची सवय

पौष महिना उजाडला की आदिलाबाद जिल्ह्यातील मेसराम कुळाचे गोंड अनवाणी पायांनी गोदावरीच्या वाटेला लागतात. जन्नारम मंडलातील कलमडुगू गावानजीक हस्तिनमडुगू नावाचे गोदावरीचे स्थान आहे. तेथील पाणी कलशात भरून आणावयाचे आणि पौष अमावस्येच्या रात्री केसलापूरच्या नागोबाला त्याने अभिषेक करावयाचा, असा या कुळाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम आहे. परतताना इंद्रवेल्लीस इंद्रादेवीची पूजा करून मंडळी केसलापुरास पोहोचतात. जाऊनयेऊन शंभराहून अधिक किलोमीटरांची ही चाल. कोणत्या ओढ्यापाशी वळावयाचे, कोणत्या गावी पाठ टेकावयाची, हे सारे वडीलधाऱ्यांच्या तोंडून लहानांच्या पायांत उतरलेले असते.

त्याच जत्रेला आता तेलंगणातून, विदर्भ-मराठवाड्यातून, छत्तीसगडातून हजारो माणसे वाहनांनी जातात. त्यांतील नव्या मोटारींत चालकासमोर वीतभर रुंदीचा पडदा असतो. तो वाट दाखवतो, गाणी लावतो, गारवा कमीजास्त करतो, मागून कोण येत आहे त्याचे चित्र देतो आणि खिशातल्या फोनशी परस्पर बोलतो. त्या पडद्यापुढे बसलेला चालक मात्र पुष्कळदा चाचपडत असतो. पायी जाणाऱ्याला वाट शिकवणारे कोणीतरी असते. मोटारीत बसणाऱ्याला ही यंत्रे शिकवणारे कोण, एवढाच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहो.

इंद्रवेल्लीचे नाव आमच्या जुन्या वाचकांना दुसऱ्याच आणि दुःखद कारणाने आठवत असेल. २० एप्रिल १९८१ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर तेथे पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी हिशेबात १३ माणसे मेली. प्रत्यक्षात याहून कितीतरी अधिक मेली, असे तेथील लोक आजही सांगतात. तो विषय एका परिच्छेदात उरकण्याजोगा नाही आणि आज तो आम्ही हाती घेतलेलाही नाही. परंतु त्या गावाचे नाव घेऊन केवळ मोटारीच्या पडद्याविषयी बोलावे, हे आम्हाला प्रशस्त वाटले नाही.

हा मुलूख मराठीला परका नाही. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचेच भाग होते. आजही आदिलाबाद, उटनूर, इंद्रवेल्ली या पट्ट्यात गोंडी आणि तेलुगूच्या जोडीने मराठी बोलली जाते. आकाशवाणीचे आदिलाबाद केंद्र गोंडीतूनही कार्यक्रम देत आले आहे. म्हणजे मोटारीत पूर्वीपासून बसवले गेलेले विजेचे सोयीचे यंत्र जो रेडिओ, तो या डोंगरातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलला. त्याच्यानंतर आलेला पडदा मात्र बहुधा इंग्रजीत सुरू होतो आणि बहुधा इंग्रजीतच राहतो.

या सोयींच्या आम्ही विरोधात आहो, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात चालकापुढे चारदोन खटके असत, चोक ओढावा लागे, काच हाताने फिरवून खाली करावी लागे, आणि रेडिओ असलाच तर त्याचा परवाना टपाल कचेरीतून घ्यावा लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा तिच्यातही यांपेक्षा फार निराळे काही नव्हते. त्या दिवसांविषयी गळा काढणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. गाडी मागे घेताना मान वळत नाही अशा वयस्क गृहस्थाला मागचा कॅमेरा हे वरदानच आहे. अंगणात खेळणारे मूल मागच्या काचेतून दिसत नाही, ते त्या कॅमेऱ्यात दिसते. अमेरिकेने २०१८ च्या मे महिन्यापासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात हा कॅमेरा सक्तीचा केला, तो उगाच नव्हे. आपल्याकडेही १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी हवेची पिशवी, वेगाची सूचना, पुढच्या दोन्ही आसनांसाठी पट्ट्याची आठवण देणारा आवाज, गाडी मागे घेताना इशारा देणारे यंत्र आणि वीज गेली तरी हाताने उघडता येईल असे मध्यवर्ती कुलूप या गोष्टी आवश्यक ठरवण्यात आल्या आहेत. ताशी ८० किलोमीटरांवर गाडी थांबून थांबून टोकते आणि १२० वर सतत टोकत राहते. सोय आणि सुरक्षितता यांची येथे गाठ पडली आहे, आणि ती पडली म्हणूनच हा विषय चैनीचा राहिलेला नाही.

आमचा पहिला आक्षेप आहे तो हातातले काम डोळ्यांकडे देण्यास. गोल खुंटी फिरवावयाची तर बोटांना ती न पाहता सापडते. सपाट पडद्यावर बोटांना काहीच लागत नाही. कोठे दाबावयाचे ते पाहावे लागते, दाबले गेले की नाही तेही पाहावे लागते, आणि तेवढा वेळ डोळे रस्त्यावर नसतात. पडदा हा गाडी बनवणाऱ्याच्या सोयीचा आहे. पन्नास खटके, पन्नास तारा आणि त्यांचे साचे यांच्याऐवजी एक काच बसवली की काम भागते आणि गाडी दुकानात दिमाखदार दिसते. ही काटकसर प्रगती म्हणून विकली जाते.

स्वीडनमधील ‘वी बिलेगारे’ या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये याची परीक्षाच घेतली. पडदे असलेल्या ११ नव्या गाड्या घेतल्या आणि त्यांच्याबरोबर खटके असलेली २००५ सालची एक जुनी व्होल्वो घेतली. चालकांना गाड्यांची ओळख करून घेण्यास आधी वेळ दिला. मग ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना रेडिओचे केंद्र बदलणे, पुढच्या फळीवरचा उजेड कमी करणे अशी साधी कामे करावयास सांगितले. जुन्या व्होल्वोत ती सारी १० सेकंदांत आटोपली. तेवढ्यात गाडीने ३०६ मीटर अंतर कापले. सर्वांत वाईट ठरलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली. सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर चालकाचे चित्त दोन ठिकाणी वाटले गेलेले! स्वीडनच्या रुंद, मोकळ्या हमरस्त्यावर हे कदाचित निभावून जाईल. बोरी-फोंड्याच्या रस्त्यावर शंभर मीटरांत एक दुचाकी, एक गाय आणि एक बसथांबा येतो.

सागरावर वावरणाऱ्या आमच्या वाचकांना दुसरे उदाहरण अधिक पटेल. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नाविक प्राणास मुकले. चौकशीत असे आढळले की जहाजाचे सुकाणू व गती एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे सोपवताना स्पर्शपडद्यांवर घोटाळा झाला, सुकाणू हातातून गेले असे खलाशांना वाटले, आणि त्या यंत्रणेचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेलेच नव्हते. २०१९ मध्ये नौदलाने पुन्हा हाताने ढकलावयाचे दांडे बसवण्याचा निर्णय घेतला. ज्यांच्यापाशी पैशाला तोटा नाही त्यांनी मागे वळून दांडा हाती घेतला, यात लाज वाटण्याजोगे त्यांना काही वाटले नाही. युरोपात मोटारींची सुरक्षा तपासून तारे बहाल करणाऱ्या संस्थेनेही २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि संकटकाळी मदत मागण्याची कळ या पाच गोष्टी पडद्याबाहेर, प्रत्यक्ष खटक्यांवर असाव्यात, असा आग्रह धरला आहे. आपली भारत एनकॅप ही परीक्षा ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिनेही हे कलम उचलावे. त्यात आमची एक भर आहे: पुढची काच स्वच्छ करणारी कळ.

ही भर आम्ही का घालतो ते कोकणात वा गोव्यात पावसाळा काढलेल्यास सांगावे लागू नये. चोर्ला घाटात किंवा अनमोडला आषाढातली सर आली की क्षणार्धात पुढची काच पांढरी होते. बाहेरच्या पाण्याने काच थंड पडते आणि आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ तिच्यावर आतून बसते. अशा वेळी वातानुकूलन चालू करून, बाहेरची हवा आत घेऊन, तिचा झोत पुढच्या काचेवर सोडावयाचा असतो. वातानुकूलन हवा कोरडी करते आणि धुके उतरते. कित्येक चालक नेमके उलटे करतात. पाऊस आहे, गारवा कशाला, म्हणून वातानुकूलन बंद करतात, आतलीच हवा आत फिरवत ठेवतात आणि रुमालाने काच पुसत गाडी हाकतात. दमट रात्री आत फार गारवा ठेवला तर याच्या उलट, बाहेरच्या अंगाला वाफ बसते. तेव्हा गारवा कमी करून वायपर फिरवावा लागतो. वाफ आतली की बाहेरची, हे काचेवर बोट फिरवले की कळते. एवढे साधे ज्ञान! पण ते देणारे कोणी नाही, आणि त्याची कळ पडद्याच्या दुसऱ्या पानावर दडलेली असली तर ज्ञान असूनही उपयोग नाही. घाटात काच पांढरी झाल्यावर चालकापाशी चार-पाच सेकंदच असतात.

आता दुसरा मुद्दा, गाडी ताब्यात घेण्याच्या दिवसाचा. दसऱ्याला वा पाडव्याला मुहूर्त धरून गाडी आणली जाते. दुकानात तिला फुले वाहिली जातात, फीत कापली जाते, छायाचित्र निघते, चाकांखाली लिंबे चिरडली जातात. आम्हाला या सोहळ्याचे कौतुकच आहे. परंतु या गडबडीत गाडी समजावून सांगण्यास कितीसा वेळ उरतो? विक्रेत्याचा तरुण दहा मिनिटांत पन्नास गोष्टी भराभर दाखवतो, यजमान मान डोलावतो, आणि घरी आल्यावर त्यांतल्या चार आठवतात. पुस्तिका जाडजूड असते, ती पुढच्या कप्प्यात जाते आणि गाडी विकेपर्यंत तेथेच राहते. ती इंग्रजीत असते, हे तिच्या अज्ञातवासाचे मुख्य कारण. मराठीत वा कोंकणीत निदान चाळीस पानांची एक सुबोध पुस्तिका देणे लाखो रुपयांची गाडी विकणाऱ्याला जड जावे काय? काही भारतीय बनावटीच्या गाड्या आता मराठीतून दिलेल्या तोंडी आज्ञाही समजू लागल्या आहेत. यंत्राला मराठी शिकवता येते, तर छापखान्याला ती यावयास हरकत नसावी.

हे आम्ही उपकार म्हणून मागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ८४व्या कलमात असे म्हटले आहे की वस्तूचा योग्य वापर कसा करावा याच्या पुरेशा सूचना अथवा इशारे तिच्याबरोबर नसतील आणि त्यामुळे अपाय झाला, तर उत्पादक जबाबदार धरला जाईल. घेणाऱ्याला न वाचता येणाऱ्या भाषेतील सूचना ‘पुरेशा’ कशा ठरतात, हे कोणा ग्राहक संघटनेने एकदा आयोगापुढे जाऊन विचारावेच. इंद्रवेल्लीजवळच्या त्याच नागोबाच्या जत्रेत १९४० च्या दशकापासून एक दरबार भरत आला आहे. आदिवासी आपले गाऱ्हाणे अधिकाऱ्यांपुढे उभे राहून मांडतात आणि अधिकाऱ्यांना ते त्यांच्यासमोर बसून ऐकावे लागते. मोटार घेणाऱ्या सुशिक्षित नागरिकाला त्याच्या यंत्राच्या कर्त्यापुढे असे उभे राहण्याची सोय नाही. त्याच्या वाट्याला येतो तो फोनवर ‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारा आवाज!

यजमानाकडूनही काही व्हावयास हवे, हे आम्ही विसरत नाही. गाडी घरी आल्यावर पहिल्या रविवारी ती अंगणातच उभी ठेवून, शांतपणे, घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याने तिच्यात तासभर बसावे. आसन, आरसे आणि सुकाणू आपल्या अंगाला जुळवून घ्यावे. फोन जोडावयाचा तो तेथे जोडावा. वायपर, मागच्या काचेचा तापक, धोक्याचे दिवे आणि काच स्वच्छ करणारा झोत हे डोळे मिटून हाताला लागतात की नाही, ते पाहावे. पडद्यावरची निम्मी चित्रे बहुधा लागतच नाहीत. ती काढून टाकता येतात आणि लागणारी पहिल्या पानावर आणता येतात. हे एकदा केले की वर्षानुवर्षे पुरते. आणि गाडी विकताना उलटा विधी करावा. फोनमधली नावे, क्रमांक, घराचा पत्ता, नेहमी जाण्याच्या जागा, हे सारे त्या पडद्याच्या पोटात राहिलेले असते. कपाटाची चावी परक्याला देण्यापूर्वी माणूस कपाट रिकामे करतो. येथे मात्र सारा संसार आत ठेवून चावी दिली जाते. मूळ स्थितीला आणण्याची सूचना प्रत्येक पडद्यात असते. ती दोनदा दाबली की झाले.

वाट दाखवणाऱ्या यंत्राविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण येथे चूक प्राणावर बेतते. डिसेंबर २०२४ मध्ये बिहारहून गोव्याकडे निघालेले एक कुटुंब यंत्राच्या सांगण्यावरून खानापूर तालुक्यातील भीमगडच्या अरण्यात कित्येक किलोमीटर आत गेले. रात्र त्यांनी गाडीतच काढली. फोनला संपर्क मिळेना, तेव्हा पायी चालत जाऊन संपर्क मिळवून त्यांनी पोलिसांची मदत मागितली आणि सुटका झाली. हे अरण्य आमच्या दाराशी आहे आणि ते कुटुंब आमच्याकडेच येत होते. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर यंत्राच्या भरवशावर गेलेली मोटार बुडाली आणि एकाचा अंत झाला. २४ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशात बरेलीनजीक रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे मेले. पुलाचा भाग पुराने वाहून गेला होता, हे यंत्राला ठाऊक नव्हते, आणि रस्ता अडवणारा दगडही तेथे कोणी ठेवला नव्हता. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलाऐवजी पुलाखालच्या वाटेने गेलेली एका महिलेची मोटार खाडीत पडली. सागरी पोलीस जवळ होते म्हणून ती वाचली.

या अपघातांचा सारा दोष यंत्राच्या माथी मारावयाचा, तर तुटलेल्या पुलावर आडवा बांबूही न टाकणारी सार्वजनिक बांधकामाची खाती नामानिराळी राहतील. ते आम्हाला मान्य नाही. रस्ता बंद असेल तर तो बंद असल्याचे रस्त्यावर दिसले पाहिजे. पडद्यावर दिसणे ही नंतरची गोष्ट. पण यंत्राचा स्वभावही चालकाने ओळखावयास हवा. ते अंतर आणि वेळ मोजते. वाट पावसाळ्यात असते की नाही, तीवर वनखात्याचे फाटक आहे की नाही, हे त्याला कोणी सांगितले तरच कळते. नावांचाही घोटाळा असतो. एक शिरोडा फोंडा तालुक्यात आहे, दुसरे वेंगुर्ले तालुक्यात. पाहुण्याने नुसते ‘शिरोडा’ म्हणून टाकले आणि यंत्राने भलतेच उचलले, तर त्याने यंत्राला शिव्या देऊन काय होणार? तालुका आणि जिल्हा पाहून मगच निघावे. निघण्यापूर्वी तो भाग यंत्रात उतरवून ठेवता येतो, म्हणजे संपर्क तुटला तरी नकाशा राहतो. उटनूरहून पुढे केरामेरी घाटाकडे किंवा आपल्याकडे भीमगडात जाणाऱ्याने तर हे आधी करावेच. आणि चार घरे दिसली की काच खाली करून विचारावे. इंद्रवेल्लीच्या परिसरात मराठीत विचारले तर पुष्कळदा मराठीतच उत्तर मिळते. एवढी सोय कोणत्याही पडद्यात नाही.

कायद्याचे म्हणावे तर १ ऑक्टोबर २०२० पासून हाती धरावयाचे फोनसारखे उपकरण चालकाला केवळ वाट पाहण्यापुरते वापरता येते, आणि तेही चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने. फोनवर हा निर्बंध घातला गेला. गाडीतच बसवलेल्या, फोनच्या दुप्पट-तिप्पट पडद्यावर चालकाने चालता चालता काय काय करावे, याविषयी मात्र नियमांत मौन दिसते. गाडी चालू असताना पडद्यावर पत्ता टंकण्याची सोय आपोआप बंद व्हावी, हे काही उत्पादक स्वतःहून करतात. सर्वांनी करावे असा नियम हवा.

सोयीच्या यंत्रांशी आपण लोक कसे वागतो, याचा एक नमुना लाजिरवाणा आहे. पट्टा बांधला नाही तर गाडी टोकते. हे टोकणे नको म्हणून पट्ट्याच्या खाचेत घालावयाची एक खोटी कडी बाजारात निघाली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागे बसलेले त्यांचे सहप्रवासी मरण पावले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता. त्या एका वर्षात देशात पट्टा न बांधलेल्या १६,७१५ माणसांचा अपघातांत मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. पुढे मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन बाजारांना या कड्या विक्रीतून काढावयास लावल्या, तेव्हा त्यांच्या १३,११८ जाहिराती निघाल्या! दंड एक हजार रुपयांचा आणि कडी शंभर-दोनशे रुपयांची, असा हिशेब करणारा समाज स्वतःला व्यवहारी समजतो. मरणाचा इशारा गप्प करण्यासाठी पैसे मोजणारा व्यवहार आम्हाला तरी उमगत नाही.

कुलपाची गोष्ट याहून हृदयद्रावक. १८ मे २०२५ रोजी आंध्र प्रदेशात विजयनगरम जिल्ह्यातील द्वारपुडी येथे खेळता खेळता उभ्या मोटारीत शिरलेली चार मुले आत अडकून गुदमरून मेली. उन्हात बंद मोटारीतला उकाडा काही मिनिटांतच असह्य होतो. मे महिन्यातल्या आपल्या किनाऱ्यावर तर विचारावयास नको. उभी गाडी नेहमी कुलूपबंद असावी, चावी मुलांच्या हाती लागू नये, मागच्या दारांचा मुलांसाठीचा अडसर कोठे आहे आणि तो चढवला आहे की उतरवला, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे, आणि भोंगा कसा दाबावयाचा हे पाच वर्षांच्या मुलालाही शिकवून ठेवावे. भोंगा पडद्यात नसावा हे आम्ही वर म्हटले, ते अशासाठीही.

राहता राहिली बाजारातील जोडकामे. गाडी स्वस्तातली घ्यावयाची आणि मग वायरमनकडून कॅमेरा, मोठा पडदा, कर्णे, झगझगीत दिवे बसवून घ्यावयाचे, ही पद्धत पणजीपासून आदिलाबादपर्यंत सारखीच आहे. कसबी वायरमनविषयी आम्हाला आदर आहे. तो गाडीची मूळ तार कापत नाही. जुळणारे कपलर लावतो, प्रत्येक नव्या यंत्राला स्वतंत्र फ्यूज देतो. अर्धवट शिकलेला तार सोलून पिळतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो आणि मोकळा होतो. आमच्या खाऱ्या, दमट हवेत ती पिळलेली तार दोन पावसाळ्यांत हिरवी पडते. मग कधी बॅटरी रात्रीतून उतरते, कधी धूर निघतो, आणि गाडीला आग लागली की विमा कंपनी कापलेल्या तारेकडे बोट दाखवते. जोडकामाचे लेखी बिल घ्यावे आणि फ्यूज कोठे बसवला ते पाहून ठेवावे. कर्ण्यांविषयी काही न लिहिणेच बरे. त्यांचा आवाज वाचकांपर्यंत आमच्या आधी पोहोचलेला आहे.

गोव्यात २०२२ ते २०२४ या तिन्ही वर्षांत दरवर्षी अडीचशेहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. त्यांतील किती पडद्यात पाहताना मेली याची नोंद कोणी ठेवत नाही, कारण अपघाताच्या पंचनाम्यात तसा रकानाच नाही. तो घालावयास पैसा लागत नाही. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत रस्त्यावरच्या चिन्हांचे प्रश्न विचारतात, ते योग्यच आहे. त्यांच्या जोडीला काचेवर वाफ बसली तर काय कराल, वीज गेल्यावर कुलूप कसे उघडाल, असे दोन प्रश्न घालावयासही कायदा बदलावा लागेल असे आम्हाला वाटत नाही. वाहतूक खात्याने मोटारविक्रेत्यांना बोलावून घ्यावे आणि गाडी ताब्यात देताना निदान एक तास, ग्राहकाच्या भाषेत, ती समजावून दिल्याच्या सही-शिक्क्याचा कागद नोंदणीच्या कागदांबरोबर मागावा. ही बैठक दसऱ्यानंतर घेऊन उपयोग नाही, कारण वर्षातली निम्मीअर्धी गाडीविक्री तोवर आटोपलेली असते. ती जूनची पहिली सर येण्यापूर्वी व्हावी, आणि काय ठरले ते खात्याने वृत्तपत्रांना कळवावे. ते छापण्यास आम्ही जागा राखून ठेवू.